व्हाल

काल टाकीचं काम करायला आलेला माणूस ‘मॅडम, व्हाल गेलाय’ म्हणाला आणि त्याच्या हाताच्या ग्रीसच्या वासासरशी मला आमची सातपूरची खोली आठवली. मी तेव्हा बारावीला होते, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणार होते. एकदा वर्गात हृदयाबद्दल सांगताना मी ‘व्हाल’ म्हणाले. वडील कारखान्यात फिटर, त्यामुळे घरात तोच शब्द. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, “व्हॉल्व्ह म्हण गं! गॅरेज आहे का हे?” घरी येऊन मी रडत हे सांगितलं. पहिली पाळी करून आलेले वडील तसेच सायकल काढून गेले आणि खाटकाकडून बकऱ्याचं अख्खं हृदय घेऊन आले. ते थाळीत धरून त्यांनी वरच्या जाड नळीत तांब्याने पाणी ओतलं. पाणी तिथंच थांबलं, खाली उतरेना. “बघ, उलटं आलं की व्हाल गच्च बसतो. आमच्या पंपात हाय तसाच. घाल बोट!” मी बोट घातलं. सहामाही परीक्षेत हृदयावरचे प्रश्न आले तेव्हा मला पुस्तकाचं पान आठवलंच नाही, बोटालाच उत्तरं येत होती. जीवशास्त्रात मी अख्ख्या कॉलेजात पहिली आले. सरांनी वर्गापुढे उभं करून विचारलं, “कसा केलास अभ्यास?” मी म्हणाले, “सर, घरी व्हाल उघडून बघितला.” कुणी हसलं नाही. आजही मी पेशंटला सांगते, “काका, तुमच्या हृदयाचा व्हाल नीट बसत नाही,” आणि पुढचं काही समजवावं लागत नाही.