उंबऱ्याची काठवट

रझाकारांची गडबड अजून लांब होती तेव्हाची गोष्ट. आमच्या तीर्थपुरीत कुणाची भिंत पडली की घरवाल्याच्या आधी कचरू सुतार तिथं हजर. मी म्हणायचो, "कचरू, घर पडायची वाट बघत बसल्तास का?" तो मान वर न करता म्हणायचा, "तुझं कधी पडतंय ते सांगून ठेव."

मोडकी तुळई, घाण्याचं जुनं खोड, मिळेल त्यातून हा भाकरीचं पीठ मळायच्या काठवटी कोरायचा. नवं लाकूड तडकतं, म्हणायचा. जुन्याचं सगळं रडून झालेलं असतं.

बायको लवकर गेली. मागं एक लेक, साळू. तिचं परतूरला ठरलं तेव्हा या शहाण्यानं स्वतःच्या घराचा सागवानी उंबरा उपटला आणि तिच्या आंदणाची काठवट केली! उंबरा अरुंद, म्हणून काठवट लांबोडी झाली. ज्याच्यावर रोज हळदकुंकू वाहिलं, त्यात आता पीठ मळायचं? बायांनी तोंडात बोटं घातली. मी विचारलं, "जावयाला दार कधी देतोस?"

तो हसला. "लहानपणापासून त्याच्यावरच बसत आली रे ती. तिकडं एकटी पडंल."

साळू दिवाळीला यायची, हसत जायची. मंग एका साली परतुरात पटकी आली आणि साळू गेली. निरोप पोचला तोवर तिकडं राख सावडून झाली होती.

लेक मूलबाळ नसता गेली तर आंदणाची भांडी परत मागायची आमच्याकडं रीत. कचरूला तांबं-पितळ नको होतं. काठवट तेवढी हवी होती. पोरीचं आता तेवढंच उरलंय, म्हणायचा. पण मागायला जीभ रेटेना, म्हणून माझ्यासारखा तोंडाळ गाडीत घातला.

परतूरला पोचलो तर जावयाचं दुसरं लग्न झालेलं. चुलीपुढं नवी पोर, हळद अजून उतरली नव्हती. पुढ्यात तीच लांबोडी काठवट.

मी घसा खाकरला, पण विहीण नंदाबाईच आधी बोलली. "कशाला आलात ते कळलं, व्याहीबुवा. न्या. मी कशाला न्हाई म्हणू?"

पोरीनं पीठ परातीत काढलं आणि काठवट पुढं करताना हळूच म्हणाली, "मामा, तुम्हीच केली का ही? मळताना लई डुगडुगती. आत्याबाईंना वाटतं मलाच मळता येईना."

कचरूनं काठवट जमिनीवर ठेवून दाबली. खरंच डुगडुगत होती. त्यानं ती पालथी घातली, पिशवीतून वाकस काढला आणि बूड तासायला बसला. तासायचा, ठेवून बघायचा, परत तासायचा.

"आता बघ."

पोरीनं पीठ घातलं, जोर लावला. "बिलकुल हालंना, मामा!"

"न्या मंग आता," नंदाबाई म्हणाली.

"राहू द्या. पोरीच्या हाताखालून कशी काढू?"

परतताना मी म्हणालो, "मला कशाला आणलंस? एक शब्द बोलू दिला न्हाईस."

"साळू दर दिवाळीला यायची," तो म्हणाला. "डुगडुगती म्हणून एकदा तरी सांगायचं होतं तिनं."

तो रडत होता. मी बैल हाकत राह्यलो.