पाडव्याचा तांब्या आणि माझी दुनाळी

आधी चहा संपवून टाका. मधेच हसायला लागलात की कप हिंदकळतात, आणि मग टेबल मला पुसावं लागतं. हसणार तर तुम्ही आहातच. देवासमध्ये ज्याला ज्याला हे कळलं, तो हसलाच आहे. मला मात्र अजून संताप येतो!

कशाचा, ते सांगतो. तुमच्याकडे कधी चोरी झालीये? मोठी नव्हे हो. मोठी चोरी झाली की लोक भेटायला येतात, पेपरात नाव छापून येतं, माणसाची पत वाढते. माझ्याकडे गेल्या वर्षी पाडव्याला काय गेलं? गुढीवरचा तांब्या! काठी ठेवली, साडी ठेवली, साखरेची गाठी ठेवली, तांब्या तेवढा नेला. म्हणजे बघा, त्या गृहस्थाने माझ्या गच्चीवर चढून गुढी खाली घेतली, तांब्या काढला आणि काठी परत जिथल्या तिथे नीट बांधली. इतक्या निवांतपणे तर मीसुद्धा बांधत नाही!

पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या मुन्शीने विचारलं, "क्या गया?"

"लोटा."

"सिरफ लोटा?"

"हां."

"तो दादा, लोटा छत पे डंडे के ऊपर उल्टा टांगा काय को था?"

घ्या! आता ह्याला मी गुढी समजावून सांगायची? सांगितली. ब्रह्मदेवापासून सुरुवात केली. त्याने सगळं ऐकून घेतलं, "अच्छा त्योहार है" म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. नोंद नाही, काही नाही.

तांब्या होता आमच्या नलूच्या माहेरचा, धारचा. नलू म्हणजे माझी बायको. वर्षभर तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त कुणालाही पाणी देताना म्हणायची, "तांब्या नाहीये हो आमच्याकडे, पेल्यातच घ्या." शेवटी यंदा सासूबाईंनी धारहून चांदीचा तांब्या पाठवला आणि सोबत निरोप, "जावईबापूंना म्हणावं, हा तरी सांभाळा."

'हा तरी'! साठी उलटलेल्या माणसाला! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, यंदा येऊ दे तो चोर, दुनाळी घेऊन समोर उभा राहीन.

दुनाळी आहे माझ्याकडे, थाप नाही. बारा बोअरची, लायसन्सची. वडिलांची सतवासकडे शेती होती, रानडुकरं पीक लोळवायची, म्हणून त्यांनी घेतलेली. पुढे वडील गेले, शेती विकली, डुकरं तिथेच राहिली आणि बंदूक माझ्या नावावर झाली. मी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. बत्तीस वर्षं मालातला दोष एका नजरेत ओळखायचो, हे लक्षात ठेवा. बंदुकीचा संबंध दसऱ्याला हळदकुंकू वाहण्यापुरता.

पण यंदा लागली निवडणूक. आणि निवडणूक जाहीर झाली की आमच्यासारख्या लायसन्सवाल्यांनी आपापली बंदूक ठाण्यात नेऊन जमा करायची असते. शेवटची तारीख कोणती असावी? पाडवा! ज्या दिवशी मला बंदूक घेऊन घरी उभं राहायचं होतं, नेमका तोच दिवस सरकारला सापडला.

सकाळी गुढी उभारली, कडुलिंब चावला, श्रीखंड-पुरी जेवलो आणि दुनाळी कॅनव्हासच्या खोळीत घालून दोन वाजता निघालो. काडतुसं घरीच, कुलपात. ती नेऊन काय करायची? ठाण्यात ही रांग! कुक्षीची जत्रा परवडली. साडेपाचला माझा नंबर लागला. मुन्शी तोच.

"दादा, लायसेंस की फोटोकॉपी?"

"अरे भिया, असली लायसेंस सामने रखा है ना!"

"असली का मैं क्या करूँ? फाइल में तो फोटोकॉपी लगती है."

सणामुळे दुकानं बंद. मी चिडलो, ओरडलो, मागच्यांनी मला गप्प केलं. शेवटी मुन्शी म्हणाला, "कल सुबे ले आना. मैं देख लूँगा."

"और आज रास्ते में किसी ने पकडा तो?"

"आज तक तो आप कायदे में हो, दादा."

म्हणजे रात्री बारापर्यंत मी कायदेशीर सशस्त्र होतो. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. बसायला नको होतं.

आता गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची असते, आणि आमच्याकडे ती मीच उतरवतो. सूर्य टेकडीमागे निम्मा गेलेला. मी पाय उचलले. बरं, सणासुदीला नटूनथटून फिरणाऱ्या लोकांतून, ठाण्याने परत पाठवलेली बंदूक खांद्याला अडकवून जायची लाज वाटायला लागली. म्हणून गमछा डोक्यातोंडाला गुंडाळला आणि आमच्या ओळीच्या मागच्या गल्लीत शिरलो. कसा दिसत असेन, हा विचार केला नाही. तुम्ही करा.

त्या गल्लीत मी बावीस वर्षांत चार वेळा गेलो असेन. मागून सगळी घरं एकसारखी. तेच पिवळे पत्रे, तोच गच्चीवर जाणारा लोखंडी जिना. पण मला काय काळजी? आमच्या कॉलनीत बावीस वर्षं मराठी घर एकच, आणि गुढी एकच. जिथे गुढी, ते आपलं घर. आजवर टपालवालासुद्धा पाडव्याला असंच ओळखत आलाय.

मी वर बघतो तो काय! गच्चीवर एक माणूस, बनियन आणि अर्धी चड्डी घातलेला, गुढीची दोरी सोडतोय!

माझ्या अंगाची आग आग झाली. अरे, दुसऱ्या वर्षी? त्याच घरी? म्हणजे मी काय लोटे वाटायला बसलोय का? बंदूक नसती ना, तर मी सरळ जाऊन त्याची मानगूट धरली असती. पण बंदूक होती, आणि तिच्यामुळेच पाय अडले. आता तुम्ही म्हणाल, बंदूक असून भ्यायचं काय? अहो, लायसन्सच्या मागे अटी छापलेल्या असतात! बंदूक दाखवून दरडावलं तर गुन्हा. वर आचारसंहिता, म्हणजे डबल गुन्हा. खाली ठेवून जावं तर बेवारस सोडल्याचा गुन्हा. तशीच घेऊन जावं आणि त्याने हिसकावली तर? मग ती माझीच बंदूक, माझ्यावरच रोखलेली, आणि उद्या फोटोकॉपी जोडून जबाब मीच द्यायचा! वडिलांची एवढी एक वस्तू उरलीये, तीही सरकारजमा.

दुसरीकडे तांब्या. चांदीचा. 'हा तरी सांभाळा.'

एवढ्यात तो तांब्या आणि गुढीचं कापड हातात घेऊन जिना उतरायलाच लागला. आता विचार कसला करता? मी ठरवलं, बंदूक खोळीतून काढायची नाही, तिच्याकडे बोट दाखवायचं नाही, नुसतं खणखणीत बोलायचं. जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. खोळीचं तोंड उसवलेलं होतं आणि त्यातून नळीची चार बोटं बाहेर डोकावत होती. त्याला मी काय करू?

"रुक! कहाँ ले जा रिया है?"

तो दचकला. तिशीचा असेल. त्याची नजर गमछ्यावरून नळीकडे गेली आणि परत माझ्याकडे आली.

"नीचे. घर में."

"किसके घर में?"

"मेरे."

"वा! चढते दूसरे की छत पे, और उतरते अपने घर में?"

"नहीं, ये हमारी गुढी है. हमने खडी की."

बघा! चोरांना आता नावंसुद्धा पाठ झालीत! आणि त्याची ती हिंदी! देवासचा असता तर आधी 'भिया' म्हणाला असता. हा बाहेरगावचा. म्हणजे मी मनात धरलं, बाहेरून टोळी आलीये, खास पाडव्याला.

"ज्यादा मत बोल," मी म्हटलं. "पिछले साल का भी हिसाब बाकी है. चुपचाप लोटा दे."

दुपारभर रांगेत चार किलोचं धूड खांद्यावर वागवून माझे हात थरथरत होते. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग माझ्या चपलेकडे. तिचा अंगठा ठाण्यातच तुटला होता, मी सुतळीने बांधला होता. मग काय झालं कुणास ठाऊक, त्याने तांब्या पुढे केला. हळू आवाजात म्हणाला, "ले लो, बाबा. ये कपडा भी ले लो. घर में काम आएगा."

बाबा! कसा वरमला, बघितलंत? न मागता मुद्देमाल हवाली! दोन्ही घेतलं आणि मीही मोठं मन केलं. म्हटलं, "जा. त्योहार है, इसलिए छोड रहा हूँ." आणि छाती पुढे काढून गल्लीच्या टोकाला वळसा घालून घराच्या पुढच्या दाराशी आलो.

"नलू! पकडला! दुनाळी लागलीसुद्धा नाही, नुसता आवाज पुरला!"

नलू दारात आली. तिने माझ्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं उचलून आणलंत?"

"कुणाचं काय? आपला! तुझ्या आईचा!"

"आईचा चांदीचा आहे. हा स्टीलचा आहे." तिने तांब्या दिव्याखाली धरला आणि कडेवर कोरलेली अक्षरं वाचली. "सौ. स्वाती हिस मामांकडून सप्रेम भेट. ही स्वाती कोण?"

गमछा आणि दुनाळी कोपऱ्यात टाकून मी चपलांसकट दोन ढांगांत गच्चीवर. पाण्याच्या टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात, जिथे मी सकाळी स्वतःच्या हाताने बांधली होती, तिथे आमची गुढी. जांभळी साडी, वर चांदीचा तांब्या. माझ्या हातात होता हिरवा खण. आमच्या गुढीला साडी असते की खण, हे बांधणाऱ्याला आठवू नये? बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल!

खाली आलो तर नलू शांतपणे म्हणाली, "आपल्याच ओळीत, चार घरं सोडून सांगलीची माणसं आलीयेत. पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं तुम्हाला. 'हो' म्हणालात."

म्हणजे त्या गल्लीत दोन मराठी माणसं गुढीवरून भांडत होती, आणि तीही हिंदीत! आणि मी? तोंड बांधून, बंदूक लटकावून, आचारसंहितेत, एका भल्या माणसाचा तांब्या काढून घेतला होता. ह्याला चोरी नाही म्हणत हो. ह्याला दरोडा म्हणतात!

तेवढ्यात बेल वाजली. मी तांब्या पोटाशी धरून आतल्या खोलीत. दाराच्या फटीतून बघतो तर तोच! आता पँट-शर्ट घातलेला, हातात स्टीलचा डबा. गेलं लायसन्स, म्हटलं. गेली बंदूक. कदाचित मीही गेलो.

"काकू, मी मंदार. चार घरं सोडून राहतो. आधी तुमची गुढी आत घ्या. गल्लीत एक बंदूकवाला फिरतोय, आमचा तांब्या घेऊन गेला."

"अगंबाई!" नलू म्हणाली. इतका साळसूद चेहरा ठेवून खोटं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. "पोलिसात गेलात का मग?"

मी फटीला कान लावला.

"नाही हो. स्वाती म्हणाली, नका जाऊ. खूप म्हातारा होता, काकू. बंदूकही कुठली तरी मोडकीच असणार, खोळ फाटलेली, पायात सुतळीने बांधलेली चप्पल. हात असे लटलट कापत होते त्याचे. मला भीती नाही वाटली, वाईट वाटलं. सणाच्या दिवशी ह्या वयात स्टीलच्या तांब्यासाठी येतो, म्हणजे घरी खायला नसणार. म्हणून देऊन टाकला."

मोडकी! माझ्या वडिलांची दुनाळी मोडकी! आणि मी भिकारी? तुम्हीच सांगा, चोर म्हणाला असता तर मी एक वेळ ऐकून घेतलं असतं. चोराला निदान लोक घाबरतात तरी! माझ्याच्याने राहवेना. तांब्या आणि खण घेऊन मी बाहेर आलो.

मंदारचा चेहरा उजळला. "अरे वा, काका! सापडला? पकडलात तुम्ही त्याला?"

काय सांगू, मंडळी, मोह झाला. एक 'हो' म्हटलं असतं की झालं असतं. मी नलूकडे बघितलं. ती माझ्या पायांकडे बघत होती. मंदारची नजर तिच्या नजरेमागून गेली आणि माझ्या चपलेच्या सुतळीवर येऊन थांबली.

मग त्याचे कान लाल झाले. माझे नाही, त्याचे! तो बिचारा हातातला डबा मागे लपवायला लागला.

"त्यात काय आहे हो?" नलूने विचारलं.

"काही नाही, काकू... श्रीखंड-पुरी. स्वातीने बांधून दिली होती. म्हणाली, तो म्हातारा कुठे दिसला तर..."

नलूने त्याच्या हातातून डबा घेतला, झाकण उघडून बघितलं आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच आणलंय."