कार्गोवाल्याच्या बायकोची हळद

सौदीतल्या दम्माममधल्या आमच्या कोकणी मंडळातलं कुणी ‘परंपरा जपायला हवी’ असं म्हणालं की मला शिसारी येते. तोंड वाकडं होतं, आणि ते लपवायचाही आता कंटाळा आला आहे.

माझ्या मुलीचा निकाह जेद्दात ठरला होता. सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, पण तो निकाहाच्या आधीच संपत होता. त्यांची एकच इच्छा होती, जाण्यापूर्वी नातीची हळद आपल्या तोंडानं गायची. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात हळदीचं गाणं नुसतं ऐकायचं नसतं. प्रत्येक कडव्यात एका बाईचं नाव घेतात आणि जिचं नाव येईल तिनं उठून नवरीला हळद लावायची. पहिलं नाव आईचं, मग चाची, फुफू, मामी. एखादीचं नाव राहून गेलं तर ती वर्षानुवर्षं अबोला धरते. सासूबाई निघण्याच्या आधीच्या शुक्रवारी घरीच करू, असं आमचं ठरलं.

तेवढ्यात मंडळाला या गाण्यांचा पुळका आला. अध्यक्षांच्या बायकोचा फोन आला. मेळाव्यात बायकांच्या हॉलमध्ये हळद करून दाखवायची, मुलींना गाणी शिकवायची, नाहीतर सगळं बुडेल म्हणे. शिकवायला सासूबाई आणि नवरी म्हणून माझी लेक, कारण लग्न ठरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज असतं. सासूबाईंना हुरूप आला. घरी आईबापांना इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या मुली आमच्याकडे मांडी घालून कोकणीत गाऊ लागल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सासूबाईंनी अट एकच घातली. नवरी खरी आहे, तेव्हा हळद खरी नको, बेसन कालवा. अध्यक्षीणबाईंनी मान डोलावली.

मेळावा शहराबाहेरच्या एका इस्तराह्यात होता, भाड्यानं मिळणाऱ्या बागेतल्या हॉलमध्ये. तिथं गेल्यावर कळलं की मुलींकडून ऐनवेळी वेगळीच नावं पाठ करून घेतली आहेत. हॉलचा आणि जेवणाचा खर्च एका हॉटेलवाल्यानं आणि एका कार्गोवाल्यानं उचलला होता, म्हणून कडव्यांत त्यांच्या बायकांची नावं. मी जाब विचारला, तर अध्यक्षीणबाई हसून म्हणाल्या की नाटकच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं!

पहिलं कडवं सुरू झालं. हॉटेलवाल्याची बायको उठली, वाटीत बोट बुडवून तिनं माझ्या लेकीच्या कपाळाला लावलं आणि मला वास आला. हळद खरी होती. बेसन व्हिडिओत फिकं दिसतं म्हणून कुणीतरी परस्पर वाटी बदलली होती. सासूबाईंनाही कळलं, त्यांचा चेहराच उतरला. पण नवरीच्या अंगाला हळद लागली की गाणं मध्ये तोडत नाहीत, तो अपशकुन. त्यांनी डोळे मिटले आणि गात राहिल्या. नावाच्या जागी मुली माइकवर शिकवलेलं नाव म्हणत होत्या. कार्गोवाल्याच्या बायकोनं नखं सांभाळत लेकीच्या गालाला टिकलीएवढी हळद टेकवली, दुसऱ्या हातानं सेल्फी काढला आणि बोट टिश्यूला पुसून तो बोळा नवरीच्याच पायाशी टाकला. टाळ्या मात्र कडाडून पडल्या. अध्यक्षीणबाई माइकवर म्हणाल्या की आज आपण आपला वारसा पुढच्या पिढीच्या हाती दिला.

मी घरी येऊन लेकीचा चेहरा दोनदा साबणानं धुतला, तरी पिवळेपणा गेला नाही.

शुक्रवारी मी हळद कालवली. जाऊ आली, नणंद आली, माझी भावजय जुबैलहून आली. ढोलकी सासूबाईंसमोर ठेवली, पण त्या तिला हात लावेनात. लेक त्यांच्या गुडघ्याला बिलगून “दादी, प्लीज” म्हणत राहिली. मी हात जोडले.

“हळद लागली ती लागली गो,” सासूबाई म्हणाल्या. “पोरीला दोनदा लावत नाय. तुझा नाव माझ्या तोंडात होता, पण पोरींचा आवाज मोठा होता.”

त्यांनी ढोलकी माझ्याकडे सरकवली. जमलेल्या बायकांना मी चहा दिला, आणि मुलीच्या हळदीला बोट न लावलेली आई म्हणून वाटी उचलून आत गेले.