शीबाईंचे तंबू

तंबूची चेन उघडायची, वाकून आत डोकं घालायचं, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा आणि बाहेर येऊन म्हणायचं, "शी." बाईंचं तंबू निवडणं हे असं होतं. दुकानदार बिचारा कापड किती जाड आहे, पाणी कसं आत येत नाही, ते सांगत राहायचा. तोवर बाई पुढच्या तंबूकडे वळलेल्या असायच्या.

आमच्या मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि मी चित्रकला. दर हिवाळ्यात आठवी-नववीच्या मुलींचं शिबिर निघायचं. बसचं, सामानाचं बघायला कुणी पुरुष शिक्षक हवा म्हणून माझी नेमणूक व्हायची. त्याआधी आम्ही दोघं हिंगणघाटच्या एका बिछायत केंद्रात जायचो. लग्नाचे मांडव, गाद्या, कढया भाड्याने देणारं दुकान ते. तंबू आणि झोपायच्या पिशव्या मागच्या गोदामात ढीग करून टाकलेल्या असायच्या.

तो ढीग तुम्ही पाहिला असता, तर जन्मभर घरच्याच पलंगावर झोपला असता. कापडाला चिकटलेला वाळका भात. शिवणीत उंदराच्या लेंड्या. पिशवीच्या तोंडाशी कुणाच्या तरी तेलकट डोक्याचा काळा डाग आणि त्यात रुतलेले केस. वास तर असा, की घरी येऊन आंघोळ केली तरी जेवताना आठवायचा. एकदा एका तंबूच्या आतल्या खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी निघाली. खर्रा अजून ओला होता. बाईंनी ती पन्नी चिमटीत धरली आणि नेऊन दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवली.

"हे तुमचं राह्यलं," त्या म्हणाल्या.

एरवी शाळेत बाई पुस्तकासारखं बोलायच्या. घाण दिसली की मात्र त्यांची वऱ्हाडी बाहेर यायची.

स्टाफरूममध्ये त्यांची भरपूर टिंगल चालायची. खुर्ची पुसल्याशिवाय बसायच्या नाहीत, पाण्याचा पेला घरून आणायच्या, दुसऱ्याच्या डब्यातला घास कधी घ्यायच्या नाहीत. मुलींनी तर नावच पाडलं होतं, शीबाई. बाईंना ते ठाऊक होतं. एका मुलीच्या तोंडून चुकून निघालं, तेव्हा बाईंनी शांतपणे 'ओ' दिली होती.

असंच एक शिबिर चालू होतं. सकाळी सगळ्या मुली कवायतीला आल्या, एक आली नाही. तिच्या मैत्रिणीने बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. मला नंतर कळलं. पोरीला पहिल्यांदाच पाळी आली होती, झोपायची पिशवी खराब झाली होती आणि ती आत दडून बसली होती. पाळीची भीती होतीच, पण शीबाई येऊन काय म्हणतील, याची जास्त.

बाई तंबूत गेल्या. बाहेर सगळ्या मुलींचे कान त्या एका शब्दाकडे. तो आला नाही. बऱ्याच वेळाने बाई पिशवीची गुंडाळी काखेत मारून बाहेर आल्या, हापशीवर बादली भरली आणि उकिडव्या बसून हातांनी ती पिशवी धुऊ लागल्या. मी म्हटलं, राहू द्या बाई, तशीच परत देऊ, दुकानदार धुऊन घेईल. त्यांनी मान वर केली नाही.

"काऊन? रक्तच त हाये सर. घान थोडीच हाये."

पिशवी दोन दिवस वाळली नाही. ती पोर बाईंच्या पिशवीत झोपली, बाई शाल गुंडाळून सतरंजीवर.

पुढे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मेहुण्याने सेलूच्या पलीकडे, जंगलाला लागून, धरणाकाठी तंबू उभारले. 'लक्झरी टेंट' अशी पाटी लावली. अर्थात यंदाचं शिबिर तिथेच, असा आदेश निघाला. बाईंना निवडायला काही ठेवलंच नव्हतं.

दुपारी बस पोहोचली. बाहेरून सगळं झकास. पांढरेशुभ्र तंबू, दिव्यांच्या माळा, एक झोपाळा. मुली ओरडत धावल्या, फोटो काढा म्हणून माझ्या मागे लागल्या. आदल्याच दिवशी तिथून एक वऱ्हाड उठलं होतं. बाईंनी पहिल्या तंबूत डोकं घातलं आणि लगेच बाहेर आल्या. मला हातानेच आत बोलावलं.

त्यांनी गादीवरची चादर ओढली. खाली कुणाची तरी उलटी होती. पुसलीसुद्धा नव्हती, वरून स्वच्छ चादर अंथरली होती. गादी उचलली तर तळाला पांढरी बुरशी, मांजराच्या केसांसारखी, आणि तिच्यातून झुरळं पळाली. दुसऱ्या तंबूत कोपऱ्यात कुणीतरी लघवी केलेली. व्यवस्थापक धावत आला आणि त्याने गुलाबाच्या वासाचा फवारा मारला. उलटीवर गुलाब. तो वास मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि सांगायची इच्छाही नाही.

तेवढ्यात अध्यक्ष शिबिराच्या उद्घाटनाला आले. मागे हार घेतलेली दोन-चार माणसं. बाईंनी त्यांना तंबूत नेलं, गादी दाखवली. ते रुमाल नाकाला लावून हसले. म्हणाले, शिबिर म्हणजे थोडं अॅडजस्ट करायचंच असतं, मुलींना सवय लागली पाहिजे.

बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा लेटून दाखवा."

"मी कशाला?"

"मंग ह्या पोरी काऊन?"

अध्यक्षांचा चेहरा तांबडा झाला. बाई वळल्या, शिट्टी फुंकली आणि मुलींना बसमध्ये बसायला सांगितलं. परतीच्या वाटेवर मुली रडत होत्या. झोपाळ्यावर एकदाही बसू दिलं नाही, म्हणून एकीने बाईंकडे पाठ फिरवली ती शाळेचं फाटक येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पालक भांडायला आले. गाद्यांबद्दल त्यांना सांगितलं, तर एक बाप म्हणाला, मग दुसऱ्या मागायच्या होत्या.

शिबिराचं काम बाईंकडून काढून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या बाई मुलींना घेऊन त्याच तंबूंत राहून आल्या. फोटो फार सुंदर आले होते, सूचनाफलकावर लावले. त्यानंतर मुली बोटांच्या बेचक्या खाजवू लागल्या. खरूज वर्गभर पसरली. कुणी कुणाच्या बाकावर बसेना. आमच्या बाई मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून एकेकीच्या हातांना मलम चोळायच्या. गेल्या वर्षीचा विषय त्यांनी काढला नाही, कुणी काढूही दिला नाही.

त्यांच्या निवृत्तीला संस्थेने समारंभ ठेवला. शाल अध्यक्षांच्या हस्ते द्यायची होती. बाई आल्याच नाहीत. शाल बराच वेळ टेबलावर पडून होती.

चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. नाचणगावला भाड्याच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या आणि आता लेकीकडे अमरावतीला कायमच्या निघाल्या होत्या. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. ऑटो दारात उभा होता आणि बाई रिकाम्या घरात पदर खोचून फरशी पुसत होत्या. मी बाहेरूनच म्हटलं, हे कशाला बाई, घरमालक पुढच्या आठवड्यात घर पाडणार आहे ना?

"पाडायचं हाये म्हनून काय घान ठेवून जाऊ?"

मी चप्पल काढून पाय आत टाकणार, तोच त्यांनी हात वर केला.

"अंदर नोका येऊ सर. वल्लं हाये."

पुसत पुसत त्या मागे सरकत दारापर्यंत आल्या, उंबरठा पुसला, फडकं पिळून कठड्यावर वाळत घातलं. मला नमस्कार केला आणि ऑटोत बसण्याआधी पदराने सीट झटकली.

ऑटो वळणाआड गेला. दार उघडंच होतं. मी ओट्यावर उभा राहून आत पाहत होतो. फरशी खिडकीच्या बाजूने वाळत आली होती आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.