लीद पाहणाऱ्या डॉक्टरबाई

घोडीचं दुखणं कुठलंही असो, आमच्या डॉक्टरबाई आधी लीद पाहायच्या. काडीनं ती फोडायची, वास घ्यायचा आणि मग घोडीकडे वळायचं. लोक तोंडावर पदर, रुमाल धरून हसत. मी पारोळ्याच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात परिचर होतो, म्हणजे बादली माझी आणि हातमोजे त्यांचे. सुरुवातीला मीही हसलो. घोडीची पिशवी, म्हणजे गर्भाशय, धुवायला आलेल्या बाईला लिदीशी काय करायचंय, असं मी एकदा विचारलंसुद्धा.

"औषध कुठंही टाका, रक्त सगळीकडे फिरतं," त्या म्हणाल्या. गर्भाशयात सोडलेलं औषध तिथंच बसून राहत नाही, सुजलेल्या पिशवीतून ते रक्तात उतरतं, आणि घोड्याचं आतडं भलतं नाजूक, हे त्यांनी मला बादली विसळता विसळता समजावलं. रक्त सगळीकडे फिरतं, हे वाक्य त्या दिवसातून निदान एकदा तरी म्हणत. चहात साखर जास्त पडली तरी म्हणत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं शहाणपण आधी चेष्टेचा विषय होतं.

वरातीच्या घोड्या ठेवणारा एक नाना होता. त्याची सगळ्यात देखणी पांढरी घोडी व्याली आणि जार, म्हणजे वार, आतच अडकला. बाईंनी रात्र होऊ न देता पिशवी धुतली, मोजून औषध सोडलं, इंजेक्शन दिलं. जार पडला. मला विचारल्याशिवाय आणखी काही करायचं नाही, असं बाईंनी नानाला बजावलं आणि आम्ही निघालो.

दोन-तीन दिवसांनी निरोप आला. घोडी आडवी, लीद पाण्यासारखी. आम्ही पोचलो तर दारात गर्दी, आणि गर्दीत एकच बोलणं: "बाईनी घोडी मारी टाकी." बाईंच्या कानावर ते पडलं. त्यांनी खाली वाकून लीद पाहिली आणि आणखी काय दिलं ते नानाला विचारलं.

"काहीच नई दिधं, बाई," नाना म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती.

बाईंनी हात धुतले, मोजा चढवला आणि पिशवी तपासली. हात बाहेर आला तेव्हा तळव्यात अर्धवट विरघळलेली पिवळी गोळी होती. गाईचा जार अडकला की पिशवीत टाकतात ती. जार पडला तरी वरून टाकलेली बरी, आणि गाईला चालतं ते घोडीलाही चालेल, असा आमच्याकडे सरसकट हिशेब. मी ती पाहिली, नानानंही पाहिली. बाईंनी मूठ मिटली आणि गोळी माझ्या बादलीत सोडली. बादली मी पायानं मागे सारली.

मग त्यांनी पिशवी पुन्हा पुन्हा धुतली, शिरेतून सलाईनच्या बाटल्या लावल्या. दुधातूनही औषध जातं म्हणून शिंगराला घोडीपासून बाजूला ठेवलं आणि शेळीचं दूध पाजायला लावलं. चार दिवस रोज येऊन त्या घोडीजवळ बसल्या. पाचव्या दिवशी घोडीनं कडब्याला तोंड लावलं.

परतताना मी चिडून विचारलं, सगळ्यांसमोर सांगितलं का नाही?

"उद्या घोडी आजारी पडली तर त्यानं मला बोलवायला हवं ना," त्या म्हणाल्या.

पण बोभाटा झाला तो झालाच. घोडी वाचली ती नशिबानं आणि आजारी पडली ती बाईंमुळे, असं लोकांनी ठरवून टाकलं. काही जण आपली जनावरं थेट धुळ्याला न्यायला लागले. बाई दवाखान्यात रिकाम्या बसून राहत. तेव्हा मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

महिनाभरातच त्यांची बदली झाली, तेव्हा निरोपाला मी एकटाच होतो. ट्रंक डोक्यावर घेऊन बाहेर पडलो, तर दारात नाना उभा. पांढरी घोडी सजवलेली, मागे शिंगरू. बाईंनी वर बसावं असा त्याचा हट्ट. ओली बाळंतीण आहे ती, असं म्हणून बाई तिच्या बाजूनं चालू लागल्या.

चौकात चहाच्या टपरीवरून कुणीतरी हसत म्हणालं, चला, आता घोड्या जगतील. नानानं लगाम खेचला आणि भर रस्त्यात थांबला. मागे रिक्षा अडकल्या.

"बाईनी चूक नई व्हती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "गाईन्या गोया मी टाक्यात. हाई बाईले त्याच दिवसपासून माहीत शे."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि गाडी चुकेल म्हणाल्या. मी ट्रंक सावरली आणि त्यांच्यामागून, बाजारातून, मान ताठ करून चालत गेलो.