आईची कॉमेंट्री आणि माझं अ‍ॅप

आमच्या आईला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि आमच्या आप्पांना कबड्डी तिच्याशिवाय दुसरं कुणी दाखवू शकत नव्हतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

आप्पा फौजेत होते. पलटणीच्या टीममधून कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यात. रिटायर होऊन वाईजवळच्या आमच्या गावी आले आणि काचबिंदूनं हळूहळू दोन्ही डोळे नेले.

कबड्डी मात्र सुटली नाही.

संध्याकाळी मॅच असली की टीव्हीसमोर दोघं. आप्पा बाजेवर, आई खाली भाजी निवडत. केबलवरची कॉमेंट्री हिंदीत, आणि घाई तर एवढी की कोण पडलं ते कळायच्या आत जाहिरात. मग आप्पा विचारायचे आणि आई सांगायची.

मी सांगलीत, विश्रामबागला राहते. गावी गेले की माझं एकच टुमणं. केबल काढा.

मी सगळं मांडून दाखवायचे. केबलवाल्याचं स्पोर्ट्सचं पॅकेज घ्यायचं म्हणजे सोबत तेलुगू सिनेमे, इंग्लिश बातम्या आणि नको ती भजनाची चॅनेल गळ्यात. अ‍ॅप घेतलं तर हवी ती मॅच, मागं नेऊन पुन्हा ऐकता येते, आणि मुख्य म्हणजे मराठी कॉमेंट्री.

डोळे नसलेल्या माणसाला अजून काय पाहिजे, असंही बोलून गेले. माझं तोंड आहेच तसं.

आप्पा चिडले नाहीत. त्यांनी रिमोट उचलला, अंगठ्यानं बटणं चाचपली, आकडे दाबले आणि कबड्डीचं चॅनेल लावून दाखवलं. म्हणाले, तुझ्या अ‍ॅपात असं लागतंय का बघ.

लागत नव्हतं. तिथं बाण फिरवा, चित्रं बघा, मधेच लॉगिन, मग मोबाइलवर ओटीपी. सगळं डोळसांचं काम.

पण मी कसली ऐकते! दिवाळीत नवा टीव्ही आणला, नेट घेतलं, अ‍ॅप टाकलं. केबल पण असू दे, नेटाचा काय भरवसा, असं आईचं म्हणणं पडलं. असू दे म्हटलं.

मराठी कॉमेंट्री लावली. झकास होती. खेळाडूचं नाव, गाव, पकड कशी झाली, सगळं.

आई नुसती गवारीच्या शेंगा मोडत राहिली.

हाफ टाइम व्हायच्या आतच आप्पा मला म्हणाले, "आवाज बंद कर त्याचा." आणि आईला म्हणाले, "तू बोल गं."

आई बोलायला लागली.

"आला बघा. दूधवाल्या शंकरगत हाय, पर मान आखूड. त्याच्याम्होरं आपल्या थोरल्या जाऊबाईंचा बाळू उभा, तस्साच वाकून. ह्यो आत घुसला... आवं, धरला की! बाळूनं शंकरला पायाला धरून पाडला."

रेड, बोनस, सुपर टॅकल असला एकही शब्द नाही. खेळाडूचं नाव तर एकाचंही नाही.

पण शंकर कसा चालतो, बाळू कसा वाकतो, हे आप्पांनी डोळे होते तेव्हा रोज बघितलेलं. आई बोलायची आणि त्यांना मैदान दिसायचं. अ‍ॅपवाल्यांना आमचा शंकर कुठनं माहीत असणार?

आणि एक होतं. दोन्ही टीम धुंडाळून आई कुणातरी एकावर बोट ठेवायची. "ह्यो तुमच्यागत हाय बघा."

कधी तो गिड्डा असायचा, कधी सहा फुटी. मी एकदा हळूच म्हटलं, अगं, हा कुठं आप्पांसारखा दिसतो? तिनं असे डोळे वटारले की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

आप्पा मात्र ताठ बसायचे. त्या पोरानं पकड केली की यांची मांडीवर थाप.

मागच्या वर्षी आईनं सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यापाशीच खाली बसली. ती उठली नाही. हार्ट अटॅक.

त्यानंतर आप्पांनी टीव्ही लावला नाही.

मी चुलतभावाला सांगून ठेवलं होतं, मॅच असली की अ‍ॅप लावून देत जा. तो लावायचा. आप्पा बंद करायला सांगायचे. हळूहळू जेवण कमी झालं, मग बोलणंही कमी झालं. मी रोज फोन करायचे. आईच्या मागोमाग हेही निघालेत असं वाटायचं.

आज श्राद्धाचं जेवण झालं. पाहुणे गेले. दिवेलागणीला आप्पांनी आपणहून रिमोट मागितला.

अंगठ्यानं बटणं चाचपली, आकडे दाबले. केबल लागली. मग चाचपून म्यूटचं बटण दाबलं.

डोळे नसलेला माणूस मुक्या टीव्हीसमोर बसला होता. मला बघवेना.

मी खाली बसले, आईच्या जागेवर. बोलायला सुरुवात केली. पण गाव सोडून मला कितीतरी वर्षं झालीत. कोण कुणागत आहे ते आठवेना. ज्याला त्याला शंकर म्हणत सुटले.

आप्पांनी मला थांबवलं नाही. जरा वेळानं एवढंच विचारलं.

"पोरी, आज मी हाय का त्यात?"

माझे डोळे भरून आले होते, समोरचं दिसत नव्हतं. पदरानं पुसले आणि डावा कोपरा शोधला. एक लुकडा पोरगा उभा होता, केस पिवळे रंगवलेले. आप्पांशी काडीचं साम्य नाही.

"हायसा की, आप्पा. डाव्या कोपऱ्यात. वाकून उभं हायसा."

आप्पा ताठ बसले.

"मग सांग म्होरं," म्हणाले.

आई, केबल काढत नाही गं.
तुझ्याएवढं जमायचं न्हाई मला. पण आप्पांना टीममधनं बाहेर बसवणार नाही.

तू आता निवांत राहा. लय बोललीस आमच्यासाठी.