दुसरीचा नवा चेहरा

माझ्या दोन मोठ्या बहिणी जुळ्या आहेत. त्यांच्यानंतर काही वर्षांनी मी एकटीच आले, त्यामुळे घरात माझं नाव पडलं शेपूट. 'ताई' अशी हाक मारली की दोघी वळायच्या, म्हणून एक झाली पहिली ताई आणि एक दुसरी ताई. पुढे ताई गळून पडली. आता दोघींनी पन्नाशी ओलांडली, मुलं कमावती झाली, तरी आमच्याकडे त्या पहिली आणि दुसरीच आहेत. ही हकिगत पहिलीची. ती स्वतः सांगणार नाही आणि दुसरीने सांगितली तर त्यात पहिली वाईट ठरेल, म्हणून मी सांगते.

पहिली चष्म्याच्या दुकानात काम करते. लग्नाआधीपासून तेच दुकान आणि तेच काउंटर. आतल्या खोलीतला माणूस डोळे तपासतो. फ्रेम निवडून देणं, ती नाकावर नीट बसवणं, दांडी गरम करून कानामागे वाकवणं हे हिचं काम. गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड नेऊन ती दिवसभर लोकांचे चेहरे बघत असते. कुणाच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, कुणाचा एक कान खाली आहे, हे तिला एका नजरेत कळतं. मग जाड काठाची फ्रेम पुढे सरकवून ती म्हणते, "ही घ्या, भारदस्त दिसाल." भारदस्त म्हणजे पिशव्या झाकल्या जातील.

दुकानात जिकडे बघाल तिकडे आरसे, पण पहिलीने स्वतःसाठी आरसा असा कधी वापरलाच नाही. दोघींची लहानपणापासूनची सवय: कुठे निघायचं झालं की समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकींकडे बघून आवरायचं. दुसरीचे केस विस्कटलेले दिसले की पहिली स्वतःच्या केसांवरून हात फिरवायची. दुसरीचा उतरलेला चेहरा पाहून म्हणायची, "आज मी फारच दमलेली दिसतेय." आम्हाला हसू यायचं. त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे.

गेल्या वर्षी दुसरी महिनाभर बाहेरगावी गेली. ती एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताचं खातं सांभाळते. कसलंसं प्रशिक्षण आहे म्हणाली. फोन करायची, पण तोंड दाखवायची नाही. नेट चालत नाही, कॅमेरा बिघडलाय, काहीतरी कारण असायचंच. परत आली आणि पुढेही काही ना काही निमित्त काढून आम्हाला टाळत राहिली. शेवटी भेटली ती माझ्या मुलीच्या नव्या घरी, जेवायला. चपला काढायच्या बोळात दोघी समोरासमोर आल्या आणि पहिलीचा चेहरा खुलला. मी शेजारीच उभी होते. ती मला हळूच म्हणाली, "शेपट्या, आज मी बरी दिसतेय, नाही?" असं म्हणत ती वळली आणि भिंतीवरच्या आरशात तिला ती स्वतः दिसली.

त्या जेवणात पहिलीने काय खाल्लं ते तिला सांगता येणार नाही. समोर दुसरी बसली होती, आणि तिची हनुवटी होती जिथे ती आमच्या लग्नांमध्ये होती तिथे. गालाखालची ओघळलेली कातडी गेलेली, मान घट्ट. ताणलेली नव्हे, रंगवलेली नव्हे. नुसती वर्षं उतरवून ठेवल्यासारखी.

"काय केलंस गं?" पहिलीने विचारलं.

"काही नाही बाई. झोप पूर्ण घेतली, पाणी भरपूर प्यायले."

पहिलीने घरी जाऊन पाण्याचा जग भरून उशाशी ठेवला. मला हे तिच्या नवऱ्याने, भाऊजींनी सांगितलं.

पहिली जळत होती. सौम्य शब्द शोधण्यात अर्थ नाही, जळतच होती. दुसरीचे फोटो फोनवर दोन बोटांनी मोठे करून बघायची, कुठेतरी सुरकुती सापडेल म्हणून. सापडली नाही की फोन पालथा टाकायची, आणि जरा वेळाने परत उचलायची. त्यात एकदा दुसरी दुकानात आली, तर बायफोकल घ्यायला आलेल्या एका आजोबांनी कौतुकाने विचारलं, "धाकट्या बहीण का तुमच्या? बऱ्याच धाकट्या दिसतात." पहिलीने त्यांना सगळ्यात बेढब फ्रेम विकली. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांना शोभते."

तिचा खरा राग वेगळाच होता. "एकाच पोटातून एकाच दिवशी आलो," ती मला म्हणायची. "मग तिचं पाणी पिऊन होतं आणि माझं होत नाही, असं कसं? माझीच कातडी ढिली का?" स्वतःच्या शरीराने आपल्याला दगा दिला, अशीच तिची समजूत झाली होती.

मग ती दुकानाजवळच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागली. कपाळात इंजेक्शनं झाली, लेझर झालं, कसलंसं औषध लावून वरची कातडी सोलून काढणं झालं, ज्यानंतर ती काही दिवस तोंडाला फडकं बांधून दुकानात बसली आणि गिऱ्हाइकांना सर्दी झाल्याचं सांगत राहिली. कपाळ खरोखर गुळगुळीत झालं. इतकं, की भुवया वर जाईनात. भाऊजी म्हणाले, "हिला राग आलाय की नाही हेच आता कळत नाही. मी आपला आधीच माफी मागून ठेवतो." पण हनुवटीखालचं होतं तिथेच राहिलं. एकदा दुसरी भेटली आणि म्हणाली, "छान दिसतेस हं." त्या 'हं'ने पहिलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

डॉक्टरीणबाई सरळ होत्या. "सुईने आणि लेझरने व्हायचं तेवढं झालं," त्या म्हणाल्या. "काही महिने टिकेल, मग परत यायचं. पण हे जे खाली उतरलंय ते वर घ्यायचं तर कापून शिवावं लागतं. ते सर्जनचं काम. आणि मला विचाराल तर तुम्हाला त्याची गरज नाही."

"गरज माझी आहे," पहिली म्हणाली.

घरात बोलणी सुरू झाली. सुया बऱ्या की सुरी बरी? सुयांना भूल नाही, रजा नाही, पण कायमचा हप्ता बांधल्यासारखं परत परत जायचं. सुरी एकदाच, पण पहिलीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यात भूल, सूज, टाके. भाऊजींनी कधी नव्हे ते आवाज चढवला. "तोंडासाठी जीव पणाला लावतेस?" मी समजवायला गेले तर म्हणाली, "तुझ्यासारखं दिसणारं कुणी आहे का जगात? मग तू गप्प बस." मी गप्प बसले, आणि सर्जनकडे सोबत येईन असंही कबूल करून बसले.

सर्जनचा दवाखाना चौथ्या मजल्यावर होता. पांढरे सोफे, कुंडीतली प्लॅस्टिकची झाडं, भिंतीवर एकही फोटो नाही. पहिली नाव नोंदवायच्या खिडकीशी गेली आणि तिथल्या नर्सने मान वर करून तिच्याकडे बघितलं. नर्सचा चेहरा पडला. ती उठून पुढे आली, पहिलीची हनुवटी दोन बोटांनी धरून उजेडाकडे फिरवली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मॅडम, हे काय झालं? इतक्या लवकर कसं उतरलं सगळं?"

पहिली बघतच राहिली.

"कुशीवर झोपत होता का? सांगितलं होतं ना मी. बसा, बसा, सरांना सांगते आधी." जाता जाता तिने माझ्याकडे वळून बघितलं. "आज जाऊबाई नाही आल्या? किती केलं हो त्यांनी यांचं. उशाशी बसून चमच्याने सूप भरवायच्या. सख्खी बहीण करणार नाही इतकं."

मला आधी हसू आलं, कारण बिचारी समजत होती की डॉक्टरांचं काम फसलं. मग मी पहिलीकडे बघितलं आणि हसू गिळलं.

डॉक्टरांनी आत बोलावलं, घोटाळा त्यांच्या लक्षात आला, नर्सने दहादा माफी मागितली. डॉक्टर दुसरीबद्दल एक अक्षर बोलायला तयार नव्हते, ते त्यांच्या नियमात बसत नव्हतं, पण आता सांगायचं राहिलं होतंच काय? पहिलीने तपासून घेतलं. रक्तदाब ताब्यात असेल तर करता येईल, ते म्हणाले, पण धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यातली तारीख मागून घेतली.

लिफ्टमध्ये ती एकच शब्द बोलली. "जाऊबाई."

हे कळायला दुसरीच्या जाऊबाई माहीत हव्यात. दुसरीच्या मोठ्या दिराची बायको. पाहुणे गेल्यावर चमचे मोजणारी, हसताना घोड्यासारखा आवाज काढणारी. गेली पंचवीसेक वर्षं फोनवर तिची नक्कल करणं हा माझ्या बहिणींचा रोजचा विरंगुळा. दोघी एरवी आजारपणात एकमेकींना सोडून राहिल्या नाहीत. पहिलीच्या बाळंतपणात दुसरी तिच्या कॉटखाली चटई टाकून झोपली होती. दुसरीचं अपेंडिक्स काढलं तेव्हा पहिलीने दुकानात भांडून रजा घेतली. आणि प्रशिक्षणाचं सांगून, तोंडाला पट्ट्या बांधून दुसरी इथेच पडली होती, आणि उशाशी बसली होती ती चमचे मोजणारी.

पहिलीची जळजळ तोपर्यंत चेहऱ्याची होती, ती त्या दिवसापासून त्या सूपाची झाली. सूप कसलं असेल, तिने विचारलं मला. मला काय माहीत?

आठवड्याने दुसरी दुकानात आली. तिचा नवा चष्मा नाकावरून घसरत होता. मीही तिथेच होते, माझ्या चष्म्याचा स्क्रू पडला होता. पहिलीने दुसरीला स्टुलावर बसवलं, दांडी गरम करून वाकवली आणि चष्मा लावताना तिचे केस मागे केले. कानाच्या पुढून निघून पाळीखालून मागे गेलेली एक बारीक गुलाबी रेघ मलाही दिसली.

पहिलीने दांडीचं टोक कानामागे दाबलं. "टोचतंय?"

"नाही."

तिने आणखी दाबलं. तिथली कातडी लाल झाली. "आता?"

"नाही गं. छान बसलाय."

"कान लालभडक झालाय तुझा."

दुसरीने हात कानाकडे नेला आणि तो तसाच राहिला. "तिथे मला अजून स्पर्श कळत नाही," ती म्हणाली. "येईल म्हणतात हळूहळू." मग हात खाली घेत, "कळलं का तुला?"

"तुझ्या नर्सला मी म्हणजे तूच वाटले. तुझं ऑपरेशन बिघडलं म्हणून घाबरली बिचारी."

मी हसले. त्या दोघी हसल्या नाहीत.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पण केलं असतंस," दुसरी म्हणाली. "त्याच दिवशी, शेजारच्या कॉटवर. मग परत आपण सारख्याच. जन्मभर लोक माझ्याकडे बघून विचारतात, तू यातली कुठली? एकदा तरी कुणी विचारू नये असं वाटलं मला. तुझा हेवा वाटायचा. निदान तुला पहिली तरी म्हणतात."

मला वाटलं आता पहिली विरघळेल. कसली विरघळते. तिने दुसरीच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि फडक्याने काच पुसत ती म्हणाली, "बरं. माझीही तारीख ठरली आहे. पुढच्या महिन्यात, त्याच डॉक्टरांकडे."

दुसरीचा नवा चेहरा पांढरा पडला. "तुझं बीपी?"

"ते बघतील."

"आणि सोबत कोण थांबणार?"

"जाऊबाई," पहिली म्हणाली. "विचारलं मी त्यांना. लगेच हो म्हणाल्या. माणूस चांगलं आहे गं, आपण उगाच नावं ठेवली."

"माझ्या जाऊबाई?" दुसरी उठून उभी राहिली. "मी जिवंत असताना?"

आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती परत स्टुलावर बसली आणि रडायला लागली. पहिली काच पुसत राहिली, स्वच्छ झाल्यावरसुद्धा. तिला बरं वाटत होतं हे मी सांगू शकते, कपाळ हलत नसलं तरी.

त्यानंतर दुसरीचे फोन सुरू झाले. पहिलीला, मला, भाऊजींना. जाऊबाईंना नाही म्हणून सांग, मी येते. हॉटेलात तिने आठवड्याची रजा टाकली, सूप कसलं आवडेल तेही विचारून झालं. शेवटी मी कंटाळून पहिलीकडे गेले आणि म्हटलं, आता पुरे, जाऊबाईंना नाही म्हणून कळव.

"त्यांना विचारलंच कुठे होतं मी?" पहिली म्हणाली. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. "आणि ऑपरेशनही करत नाहीये. तारीख कधीच रद्द केली."

"का?"

"त्या नर्सने माझ्याकडे बघून जे तोंड केलं ना, ते जाईना डोळ्यांसमोरून. मी कितीही कापून घेतलं तरी आता दुसरीची नक्कलच. तेवढ्यासाठी बीपी घेऊन टेबलावर झोपू?"

मी कपाळाला हात लावला. "अगं मग तिला सांग. रजा टाकलीय तिने, फुकट जाईल."

"सांगेन," पहिली म्हणाली. "बॅग घेऊन दारात आली की सांगेन. आत्ता सांगितलं तर ती यायची नाही."